पंचांना न दिसलेला स्पर्श



आमच्या बेळगावकडील काही शब्बाथशाळांचा मिळून मुलांचा क्रीडामेळावा दरवर्षी २६ जानेवारीला भरतो. सकाळी ध्वजवंदन, लहानशी प्रार्थना, मग लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, मुलींचा खो-खो आणि दुपारी जेवणे आटोपली की मुलग्यांची कबड्डी. बक्षीस म्हणजे एक पितळी ढाल. वर्षभर ती ज्या शब्बाथशाळेच्या कपाटावर असते, तेथील मुले तिच्याकडे पाहत पाठ म्हणतात. दोन वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात घडलेली एक गोष्ट मी आज सांगणार आहे. ती सांगताना मला लाज वाटते. पण शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे ती ठेवली पाहिजे असेही वाटते.

कबड्डीचा अंतिम सामना होता. आमचे गुण व समोरच्या शाळेचे गुण सारखे. वेळ संपत आलेली. त्यांचा एक चपळ मुलगा शेवटच्या चढाईला आला, दोनदा वाकला, हात फिरवला आणि दम न सोडता मध्यरेषेपलीकडे निघून गेला. पंच म्हणून शेजारच्या मंडळीतील एक तरुण उभा होता. त्याने काहीच खूण केली नाही. आमच्या बाजूने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात आमचा कोपऱ्यातला गडी, बारा वर्षांचा पोरगा, हात वर करून मैदानाबाहेर चालू लागला. चढाई करणाऱ्या मुलाची बोटे त्याच्या शर्टाच्या कडेला लागली होती. ती लागली हे त्या चढाईवाल्यालाही नीट कळले नव्हते. तो आश्चर्याने पाहतच राहिला. पंचांनी त्यांना गुण दिला, शिट्टी झाली आणि आम्ही एका गुणाने हरलो.

बाजूला उभ्या असलेल्या पालकांत एकदम कुजबूज उठली. कोणी म्हणाले, "वेडा आहे का हा?" कोणी म्हणाले, "सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी ओतलं." आणि मी, त्याचा शिक्षक, त्याच्याजवळ जाऊन सर्वांदेखत म्हणालो, "अरे, पंचांनी तुला बाद दिलं होतं का?"

"नाही सर."

"मग तुला कोणी विचारलं होतं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "पण लागलं होतं, सर."

मी पुढे बोललो नाही. पण माझा चेहरा जे बोलायचे ते बोलला असावा. संध्याकाळी बक्षीससमारंभात तो मागच्या रांगेत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याची आई रस्त्यात भेटली. ती तक्रारीच्या सुरात बोलली नाही. एवढेच म्हणाली, "सर, तो रात्री जेवला नाही. हरला म्हणून नाही. तुम्ही रागावलात म्हणून."

आता यातली खरी बोच ऐका. त्याच्या आदल्याच रविवारी मी त्या वर्गाला जक्कयाचा पाठ शिकवला होता. लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील तो बुटका जकातदार आपण सर्वांना ठाऊक आहे. अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन, असे तो उभा राहून सांगतो. मुलांनी झाडावरच्या जक्कयाचे चित्र रंगवले होते. मी पदविकेच्या अभ्यासात नीतिशास्त्राचा पेपर बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झालो आहे. पण मैदानावरच्या पेपरात वर्गातला एक पोरगा उत्तीर्ण झाला आणि त्याचा शिक्षक नापास.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करीत आलो आहे. मुलाने केले ते योग्य होते हे मन लगेच कबूल करते. पण मनात दडलेले आक्षेपही खरे असतात. त्यांना सामोरे गेल्याशिवाय ती कबुली वरवरचीच राहते. म्हणून ते आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप माझाच होता: पंच कशासाठी आहेत? निर्णय देणे त्यांचे काम; खेळाडूने खेळावे. हे ऐकायला रास्त वाटते. पण आपले खेळ पंचांहून जुने आहेत हे आपण विसरतो. खो-खोच्या नियमांची चौकट पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली आखली आणि पुढे १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले, असे खेळाचा इतिहास सांगतो. त्याआधी गावोगावच्या खळ्यांत, देवळाच्या आणि शाळेच्या पटांगणांत मुले हुतुतू आणि खो-खो खेळतच होती. शिट्टी नव्हती, छापील नियम नव्हते. मग खेळ चालत असे कशावर? "लागलं" आणि "नाही लागलं" या खेळाडूंच्या शब्दावर. जो वारंवार खोटे बोले त्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नसे. म्हणजे प्रामाणिकपणा हा खेळाला वरून लावलेला रंग नाही. तो त्याचा पाया आहे. पंच नंतर आले. दोघांना वेगवेगळे दिसले तर कोणाचे धरायचे, हे ठरवण्यासाठी आले. जे खेळाडूला स्वतःलाच पक्के ठाऊक आहे, ते लपवण्याची सोय म्हणून ते आलेले नाहीत. पंचांना दिसले नाही म्हणून लागलेला स्पर्श न लागलेला होत नाही.

येथे कोणी विचारील, मग पंचांनी चुकून आपल्याला बाद दिले तर मुलाने तेही सांगावे का? माझे उत्तर असे: विचारले तर सांगावे, पण हुज्जत घालू नये. आपल्याविरुद्ध झालेली चूक सोसावी आणि आपल्या फायद्याची झालेली चूक सांगावी. हा न्याय एकतर्फी दिसतो. पण त्याला कारण आहे. स्वतःच्या बाजूने साक्ष देताना आपले डोळे आपल्याला फसवतात. बाद न होण्याची इच्छा असली की स्पर्श झालाच नाही असे मनापासून वाटू लागते. म्हणून त्या वेळी पंचांवर विश्वास ठेवणे शहाणपणाचे. उलट स्वतःच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याला फसण्याचे कारणच नसते. त्याचा शब्द त्या क्षणी मैदानावरील सर्वांत भरवशाचा शब्द असतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मुलाने स्वतःचा गुण सोडला असता तर ठीक. पण तो गुण संघाचा होता. बाकी सहा जण महिनाभर धुळीत राबले होते. दुसऱ्यांच्या खिशातून दानधर्म करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

हा प्रश्न एकदा फार मोठ्या मैदानावर विचारला गेला होता. माझे वडील ती गोष्ट इतक्यांदा सांगत की ती मीच पाहिली असे मला वाटते. १९८० सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात कसोटी सामना झाला. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा तो सामना. त्याच दिवसांत खग्रास सूर्यग्रहण आले, म्हणून १६ तारखेला खेळाला विश्रांती होती. भारताचे कर्णधार होते गुंडप्पा विश्वनाथ, आपल्या कर्नाटकातील भद्रावतीचे. भारताने पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि मग इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद केले. सामना भारताच्या मुठीत होता. तेव्हा इंग्लंडचा यष्टिरक्षक बॉब टेलर याला, कपिलदेवच्या चेंडूवर यष्टीमागे झेल गेला म्हणून, पंचांनी बाद दिले. टेलर घुटमळला, चेंडू बॅटीला लागलाच नव्हता असे त्याचे म्हणणे. पहिल्या स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथांनाही तसेच वाटले. त्यांनी पंचांकडे जाऊन अपील मागे घेतले आणि टेलरला परत खेळायला बोलावले.

पुढे काय झाले? टेलरने ४३ धावा केल्या, इयान बोथमने ११४, आणि दोघांनी मिळून १७१ धावांची भागीदारी रचली. इंग्लंडचा डाव २९६ वर गेला आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. त्या दिवशी विश्वनाथांच्या संघात आणखी दहा जण होते. साऱ्या देशाच्या आशा होत्या. मग त्यांनी दुसऱ्यांच्या खिशातून दान केले का?

मी यावर खूप विचार केला आणि मला जक्कयानेच वाट दाखवली. जक्कय दोन गोष्टी करतो. आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग तो गरिबांना देतो. हे दान आहे. आणि जे अन्यायाने घेतले ते परत करतो. हे दान नव्हे, हे देणे फेडणे आहे. या दोन गोष्टी आपण नेहमी एकात मिसळतो. आपलेच असलेले सोडून देणे म्हणजे औदार्य. त्यासाठी संघाला विचारायला हवे, हे मी मान्य करतो. पण बाद न झालेल्या फलंदाजाची विकेट भारतीय संघाची नव्हतीच. विश्वनाथांनी ती दान केली नाही, ज्याची होती त्याला परत दिली. आमच्या मुलाने संघाचा गुण उधळला असे मी म्हणालो. पण तो गुण आमचा केव्हा होता? चुकून आपल्या पिशवीत आलेली दुसऱ्याची वस्तू परत करताना घरच्या सर्वांची संमती घेत बसावे लागत नाही. उलट ती ठेवून घ्यायची असेल तरच घरच्या सर्वांना गप्प बसायला सांगावे लागते. मी त्या दिवशी नेमके तेच करीत होतो. एका मुलाला गप्प बसायला शिकवीत होतो.

तिसरा आक्षेप असा: नियमात जे बसते ते करण्यात गैर काय? बाद झाल्याचे स्वतः सांगावे असे कबड्डीच्या नियमात कुठे लिहिले आहे? याचे उत्तरही एका सामन्यात आहे. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना शेवटच्या चेंडूवर आला. बरोबरी साधायला न्यूझीलंडला षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याने गोलंदाजाला सांगितले की चेंडू हात खाली ठेवून, जमिनीवरून घरंगळत टाक. घरंगळत्या चेंडूवर षटकार कसा मारणार? फलंदाजाने तो अडवला आणि वैतागून बॅट फेकली. ऑस्ट्रेलिया जिंकली. त्या दिवशीच्या नियमांत ते बसत होते! पण दोन्ही देशांत इतकी नाराजी पसरली की पुढे एकदिवसीय क्रिकेटमध्ये तसा चेंडू टाकायला मनाईच झाली. नियम मागून येतात. लाज आधी येते. ज्याला लाजेचे ऐकू येते त्याला सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत.

या प्रसंगातील आणखी एक गोष्ट मला टोचते. तो चेंडू टाकणारा ट्रेव्हर हा ग्रेगचा सख्खा धाकटा भाऊ होता. थोरल्याने सांगितले, धाकट्याने केले. मैदानाच्या कडेला उभे राहून आपण थोरले काय सांगतो, ते धाकटे करतात. पुष्कळदा आपल्याला सांगावेही लागत नाही. भुवई उंचावली तरी पुरते.

शेवटचा आक्षेप पालक बोलून दाखवतात: जग असे नाही हो, अशाने मुले भोळी राहतील आणि मार खातील. मी त्यांना विचारतो, मग सचोटी शिकायची कुठे आणि केव्हा? मोठेपणी, जेव्हा एका सहीला लाखाची किंमत असेल, तेव्हा? प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला आहे. बक्षिसासाठी धावणाऱ्याला आधी शरीर कसून ताब्यात आणावे लागते, असा त्याचा आशय. तीमथ्याला लिहिताना तोच म्हणतो की नियमाप्रमाणे न खेळणाऱ्याला मुकुट मिळत नाही. कसून तयारी करायची ती लहान ओझ्यावर. मुलांचा खेळ हे तसे लहान ओझे आहे. तेथे खऱ्याची किंमत फार तर एक पितळी ढाल. ती किंमत जो बाराव्या वर्षी मोजायला शिकला, त्याला चाळिसाव्या वर्षी मोठी किंमत मोजताना निदान हात ओळखीचा वाटेल.

याचा अर्थ जिंकू नये असा कोणी घेऊ नये. पौल जिंकण्यासाठी धावा असेच सांगतो. मनापासून न खेळणे हा समोरच्या मुलाचा अपमान आहे. आपण त्याला आपल्या मेहनतीच्या लायक समजत नाही असा त्याचा अर्थ होतो. पूर्ण ताकदीने चढाई करावी, पूर्ण ताकदीने पकड करावी आणि पडलेल्याला हात देऊन उठवावे. या तिन्ही गोष्टी एकाच आदराच्या आहेत.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. त्या मेळाव्यानंतर आम्ही काही साधे बदल केले. सामना सुरू होण्यापूर्वी पालकांच्या देखत मुलांना सांगतो की जो स्वतःहून बाद झाल्याचे कबूल करील त्याला कोणी रागावणार नाही. खरे तर हे मुलांपेक्षा पालकांसाठी असते. पालकांनी रेषेपासून दहा पावले मागे बसावे, टाळ्या दोन्ही संघांना वाजवाव्यात आणि आत सूचना ओरडू नयेत, असे ठरवले. पंचांशी शिक्षकाने मुलांसमोर वाद घालायचा नाही. शंका असेल तर खेळ संपल्यावर, बाजूला, हळू आवाजात. पूर्वी जेवण कबड्डीच्या आधी असे. आता ते नंतर ठेवले आहे आणि दोन्ही संघ एका पंगतीत, एकाआड एक बसतात. ज्याला तासाभरापूर्वी पकडून पाडले, त्याच्या पानात मसालेभात वाढताना वैर टिकत नाही. आणि हरलेला मुलगा रडला तर त्याला रडू द्यावे. रडणे म्हणजे खिलाडूपणाचा अभाव नव्हे. मन लावून खेळलेल्या मुलालाच रडू येते. डोळे पुसून तो समोरच्याचा हात हातात घेतो की नाही, एवढेच आपण पाहावे.

हे सर्व मुलांना शिकवायचे तर कोणीतरी मोठे माणूस त्यांच्यात उतरले पाहिजे. येथे मला एरिक लिडेल आठवतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून तो धावला नाही. आणि मग चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. इतपत आपण उपदेशात सांगतो. पुढचे फार थोडे सांगतात. तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि महायुद्धात १९४३ साली जपान्यांनी त्याला वेइशिएन येथील छावणीत शेकडो लोकांबरोबर कोंडले. त्यांत आईबापांपासून दुरावलेली शाळकरी मुले होती. रविवारी खेळ नको या आपल्या तत्त्वाला तो तेथेही धरून होता. पण एका रविवारी मुले आपली आपण हॉकी खेळली, देखरेखीला कोणी नव्हते आणि खेळाचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानावर उभा राहिला. ज्या तत्त्वासाठी त्याने सुवर्णपदकाची आशा सोडली होती, ते त्याने मुलांचे भांडण मिटावे म्हणून बाजूला ठेवले. शब्बाथाविषयी कोणाचे मत काहीही असो. मला त्यात दिसते ते एवढेच की त्या मुलांचे एकमेकांशी वागणे त्याला किरकोळ वाटले नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटकेच्या काही महिने आधी, मेंदूतील गाठीने तो त्याच छावणीत वारला.

राहता राहिला आमचा कोपऱ्यातला गडी. त्याच्या आईची भेट झाली त्या आठवड्याच्या रविवारी मी पाठ सुरू करण्यापूर्वी वर्गासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मेळाव्याच्या दिवशी याने बरोबर केलं आणि मी चुकीचं बोललो. मी याची माफी मागतो." मोठ्या माणसाने माफी मागितली की मुलांना अवघडल्यासारखे होते. वर्ग गप्प झाला. तो लाल होऊन म्हणाला, "राहू दे सर." मग थोड्या वेळाने हळूच विचारले, "सर, शनिवारी प्रॅक्टिस आहे ना?"

होती. मी गेलो. आणि त्या शनिवारी सराव चालू असताना दुसरा एक मुलगा, जो मेळाव्यात त्याच्यावर सर्वांत जास्त चिडला होता, कोणी न सांगता हात वर करून बाहेर गेला. पंच मीच होतो. मला तो स्पर्श दिसला नव्हता.